ग्रॅनाइटखालच्या तीन पायऱ्या

उभ्या रायगड जिल्ह्यात आमच्या भावोजींइतकं खाली बघून चालणारा माणूस दुसरा सापडणार नाही. कुणाची नजर आभाळाकडे असते, कुणाची शेजाऱ्याच्या ताटाकडे असते, हल्ली तर सगळ्यांचीच मोबाइलमध्ये असते. भावोजींची नजर मात्र गेली पस्तीसेक वर्षं जमिनीवर खिळलेली आहे, आणि तीही नुसत्या जमिनीवर नाही, दगडावर. गटाराच्या कडेचा दगड, मोरीचा दगड, विहिरीच्या काठाचा, पाराचा, देवळाच्या पायरीचा. कुणी एका माणसानं जीव ओतून घडवलेला आणि बाकीच्या सगळ्या माणसांनी सोयीस्कर विसरलेला कुठलाही दगड दिसला, की हा गृहस्थ जागच्या जागी थांबतो. मागून येणारी रिक्षा त्यांच्या नावानं काय काय बोलते ते मी इथं लिहीत नाही. भावोजींना ते ऐकू येत नाही, कारण तोवर ते उकिडवे बसलेले असतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पेणला, रामवाडीत. नोकरी सगळी धाटावला, एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून केली. आयुष्यभर पाइपाला पाइप जोडायचा आणि गळत नाही ना बघायचं, एवढंच काम. त्यात माणूस हुशार. पण कंपनीच्या बसला जाताना वाटेत एक जुनी दगडी मोरी लागायची आणि त्या मोरीनं भावोजींच्या कितीतरी बस चुकवल्या. एकदा शिफ्टच्या साहेबांनी उशिराचं कारण विचारलं तर यांनी खरं ते सांगितलं, मोरीची कमान बघत होतो म्हणून. साहेब बिचारे सज्जन होते. त्यांनी ताईला फोन करून हळूच विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. ताई म्हणाली, लग्न झाल्यापासून असंच ठीक आहे.

पेणला जग येतं ते गणपती बघायला. आम्ही रोहेकरसुद्धा श्रावणाच्या आधीच जाऊन कारखान्यांतून फिरून मूर्ती ठरवून येतो. एका वर्षी ताईच्या घरी मुंबईचे पाहुणे आले. त्यांना चांगलासा कारखाना दाखवून आणा, असं सांगून ताईनं भावोजींना बरोबर धाडलं. दोन तासांनी पाहुणे परतले ते घामाघूम आणि कोरड्या चेहऱ्यानं. गणपती एकही बघितला नव्हता. गल्लीतलं एक जुनं गटार मात्र त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठ झालं होतं. त्या गटाराला दर दहा पावलांवर एक दगड किंचित पुढं आलेला आहे, तो चुकून आलेला नसून पाण्याचा जोर मोडावा म्हणून ठेवलेला आहे, हे त्यांना भावोजींनी खाली वाकायला लावून दाखवलं होतं. पाहुण्यांच्या बाईंनी जाताना ताईचा हात दाबून धीर दिला. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. नंतर कधीतरी भर पावसात त्याच गल्लीतून जाताना मी थांबलो. पाणी खरोखरच त्या पुढं आलेल्या दगडांपाशी अडखळत होतं आणि शहाण्यासारखं पुढं जात होतं. मी हे कुणाला सांगितलं नाही.

खिशात एक जुना दात घासायचा ब्रश आणि पिशवीत पाण्याची बाटली, हा भावोजींचा सरंजाम. पाणी प्यायला नसतं. दगड ब्रशनं साफ करायचा, वर बाटलीतलं थोडं पाणी सोडायचं आणि ते कुठं जातं ते बघत बसायचं. पाणी गेलं, की मान हलवायची. "बघितलंस, कसं वळवलंन् त्याला," असं म्हणायचं. हा वळवणारा तो कोण, त्याचं नाव काय, तो कुठल्या गावचा, याचा पत्ता कुणालाच नाही. पण भावोजी त्याच्याविषयी बोलतात ते असं, की आत्ताच चहा घेऊन गेला असावा.

आता तिठ्यावर उकिडवं बसून, तोंडानं काहीतरी पुटपुटत, दगडावर पाणी सोडणाऱ्या माणसाला आपल्याकडे लोक काय समजणार? एका अवसेला रामवाडीतल्या दोन बायकांनी त्यांना असं बसलेलं बघितलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली, की तुमचे मिस्टर तिठ्यावर उतारा ठेवतात. ताईला महिनाभर कुणी विरजणाला दही दिलं नाही. दुसऱ्या खेपेला याच्या बरोबर उलटं झालं. रस्त्याकडेला मातीत लोळत पडलेला एक घडीव दगड भावोजींनी घासूनपुसून उभा केला, की येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा. आठ दिवसांनी गेले तर त्याला शेंदूर लागलेला, पुढं जास्वंदीचं फूल आणि वर कुणीतरी पत्र्याची सावली केलेली. आम्ही सगळे म्हणालो, चला, दगडाचं सोनं झालं. भावोजी मात्र खट्टू झाले. म्हणाले, "संपलं आता. आता लोकं डोळे मिटून हात जोडतील. बघणार कोण?"

अशा माणसाच्या पुढ्यात मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली आणि वर ती मिरवली. बारा वर्षांपूर्वी रोह्यातलं आमचं लाकडी घर पाडून मी स्लॅबचं बांधलं. जोतं तेवढं जुनंच ठेवलं. दारात तीन बसक्या काळ्या पायऱ्या होत्या, खरबरीत. लहानपणी माझे गुडघे त्यांच्यावर इतक्या वेळा फुटलेत, की मला त्यांचा रागच होता. मिस्त्री म्हणाला, फोडत बसण्यापेक्षा वर सिमेंट घालून दोन उंच पायऱ्या काढू आणि ग्रॅनाइट बसवू. बसवला. असा चकचकीत, की वाकलं तर आपला चेहरा दिसावा. माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि आळीत चार माणसं मला ओळखतात, तेव्हा दारात थोडा रुबाब नको का? वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण ग्रॅनाइट बघून वाहवा म्हणाला. एकटे भावोजी दारात आले, खाली बघितलं आणि उभेच राहिले. मग आत येऊन पानावर बसले, दोन घास खाल्ले आणि पोट बरं नाही म्हणून उठले. मी बायकोला म्हटलं, जळतात दुसरं काय. स्वतःच्या दारात कोबा आहे ना.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याच ग्रॅनाइटवरून माझी आई घसरली. पंच्याऐंशीची बाई, खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, घरात काठी घेऊन चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता चालवत राहा. पण उंबऱ्याशी आली, की तिचे पाय थरथरायचे. त्या दोन उंच, गुळगुळीत पायऱ्या बघायची आणि मागं फिरायची. जिनं उभा जन्म समोरच्या ओट्यावर बसून आळीला शहाणपण शिकवलं, ती दहा महिने खिडकीच्या गजाला धरून बसली. बोलणं कमी झालं, मग खाणं कमी झालं. मला भीती वाटायला लागली. मी ठरवलं, पायऱ्या मुळापासून फोडायच्या, उतार करायचा आणि आईला चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यायचं. खुर्ची आणलीसुद्धा. आईनं तिच्यावर धुतलेले कपडे ठेवायला सुरुवात केली. म्हणाली, "मी काय पालखीतला देव हाय, मला ढकलत फिरवायला? माझ्या पायानं जाईन नायतर नाय जाणार."

तरी मी मिस्त्रीला सोमवार दिला. आणि आदल्या रविवारी, धोंड्याचा महिना म्हणून, ताई आणि भावोजी वाण घ्यायला आले. आईला स्वतःला जेमतेम उभं राहता येत होतं, पण जावयाचं वाण चुकवायची बाई ती नव्हे. पाटावर बसून तिनं तेहतीस अनारसे स्वतःच्या हातांनी थापले होते. भावोजींनी दाराबाहेर वाळूचा ढीग बघितला, रचून ठेवलेल्या विटा बघितल्या आणि मला विचारलं, हे काय. मी सांगितलं, की उद्या हे सगळं खणून काढणार. नवा सदरा घालून आलेला तो जावई सासरच्या दारात, भर आळीत, गटाराच्या कडेला सरळ पालथा झोपला. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. ताईनं कपाळावर हात मारला. भावोजींनी ग्रॅनाइटच्या बगलेतून हात आत घातला, चाचपला आणि तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "हायत रे दादू. तिन्ही हायत खाली."

मग मातीनं भरलेला सदरा न झटकता ते माझ्याशेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी सलग पाच मिनिटं बोलले. लग्नात या दारात ते नवरदेव म्हणून उभे होते तेव्हा आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं होतं. सगळं वऱ्हाड म्हणत होतं, मुलगा किती लाजाळू, मान वर करत नाही. मुलगा लाजत नव्हता, पायाखालचं पाणी बघत होता. तांब्याभर पाणी पायावरून पायरीवर पडलं, एक थेंब इकडंतिकडं न पसरता डावीकडं गेलं, गटारात उतरलं आणि नवरीमुलगी माळ घेऊन येईस्तोवर पायरी कोरडी झाली. तेव्हापासून त्यांना हे खूळ लागलं. ज्या पायरीनं त्यांना बघायला शिकवलं, तिच्यावर मी ग्रॅनाइट घातला होता.

"बोलला का नाहीत त्या वेळी?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच होता.

"सासरच्या दाराला जावयानं नाव ठेवू नये," ते म्हणाले. आणि मग हळूच, "आईंना एकदा त्या पायऱ्यांवरून उतरून बघू दे. नायच जमलं तर मंगळवारी फोड. मी स्वतः येतो फोडायला."

मला खरं सांगायचं तर पटलं नव्हतं. पण आई आतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "दादू, मिस्त्रीला नको म्हणून सांग." दहा महिन्यांत तिनं इतक्या ठाम आवाजात पहिल्यांदाच काही सांगितलं होतं. मी मिस्त्रीला फोन केला.

भावोजी पहार उचलायला गेले तर आईनं अडवलं. सासरच्या उंबऱ्याशी जावयानं पहार चालवायची नाही. झालं. माझा ग्रॅनाइट, माझीच पहार आणि माझीच कंबर. भावोजी शेजारी उकिडवे बसून, जरा हळू, दगडाला लागेल, असं दर घावाला सांगत होते. तो लखलखीत काळा तुकडा पहिल्यांदा तडकला तेव्हा माझ्या छातीत कळ आली हे कबूल करतो. दुपार कलेपर्यंत सिमेंटचा शेवटचा थर निघाला आणि बारा वर्षांनी त्या तीन पायऱ्यांना ऊन लागलं.

मी जन्मापासून बघितलेल्या पायऱ्या त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या. प्रत्येक पायरी जेमतेम चार बोटं उंच. पाऊल पुरतं टेकून वर हातभर उरावं एवढी रुंद. कडा मारलेल्या, लागू नयेत अशा. मधल्या पायरीला डावीकडं इतका बारीक उतार, की डोळ्याला दिसत नव्हता. भावोजींनी खिशातून एसटीचं तिकीट काढून दोन दगडांच्या सांध्यात घालून बघितलं. ते आत जाईना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. "पस्तीस वर्षं मी गॅस्केट घालून, बोल्ट आवळून सांधे जोडले," ते म्हणाले, "तरी गळायचे. यानं नुसता दगडाला दगड लावलाय रे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दुसरीकडं बघितलं.

एक अडचण राहिली. सिमेंट निघालं पण त्याचा गुळगुळीत साका दगडाच्या अंगात बसला होता. ओला पाय पडला तर पुन्हा तेच. भावोजी ब्रश घेऊन घासायला लागले, त्यानं काय होणार? मी मशीनवाल्याचा विचार करत होतो. आई म्हणाली, "पाट्याला टाकी लावणारीला बोलवा."

ही बाई दर उन्हाळ्यात मसाल्याच्या दिवसांत आमच्या आळीत येते. झिजलेला पाटा, जातं छिन्नीनं टोचून पुन्हा खरबरीत करून देते. वरसे गावाच्या पुढं तिची वस्ती. आता घरोघरी मिक्सर आले, तरी आई पाट्याचा हट्ट सोडत नाही म्हणून ती आमच्याकडे वीस वर्षं येतेय. वीस वर्षं आम्ही तिला टाकीवाली एवढंच म्हणतो. मी स्कूटरवर जाऊन तिला दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन आलो. ती आली, छिन्नी-हातोडी बाजूला ठेवली आणि आधी नुसता तळवा पायरीवरून फिरवला. या टोकाकडून त्या टोकाकडे. मग परत. भावोजी ब्रश हातात तसाच धरून बघत होते.

"डावखुरा व्हता," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. तिनं भावोजींचा हात धरला आणि त्यांची बोटं दगडावर टेकवली. टाकीचे जुने घाव सगळे एकाच बाजूला कलले होते. उजव्या हाताच्या माणसाचे असे कलत नाहीत, ती म्हणाली. तिचा बाप डावखुरा होता, त्याचे घाव असेच पडायचे. भावोजी इतकी वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात बोलत होते, त्या माणसाला एकाएकी एक हात मिळाला.

टाकीवाली पुढं म्हणाली, की पायऱ्या मुद्दाम बसक्या केल्यात. एवढ्या जोत्याला कुणीही दोन पायऱ्या काढील. त्यानं तीन काढल्यात, म्हणजे घरात कुणीतरी पायानं अधू असणार. हे ऐकून आतून आईची काठी वाजली. ती उंबऱ्यापर्यंत आली होती. तिची सासू तिला सांगायची, की त्यांच्या सासूबाई एका पायानं लंगडत चालायच्या आणि तरी रोज नदीवर जायच्या. आईनं हे साठ वर्षांपूर्वी कधीतरी ऐकलं होतं आणि विसरली होती. मी तर कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या पणजीचं चालणं कुणीतरी नीट बघितलं होतं, आणि तिचा पाय जेवढा उचलतो तेवढाच दगड ठेवला होता.

दुपारपर्यंत टक टक आवाज आळीत घुमत राहिला. टाकीवालीनं नवा घाव एकही आडवा घातला नाही, जुन्याच्या रेघेत रेघ घालत गेली. काम झालं तसं भावोजींनी बाटलीतलं पाणी सोडलं. पाणी डावीकडं गेलं आणि गटारात उतरलं. आई उंबऱ्यात उभी होती, अनवाणी. तिनं काठी माझ्याकडं दिली. मी हात पुढं केला, तो घेतला नाही. एक पाय खाली टेकवला, तळव्याला दगड कसा लागतो ते जरा बघितलं, मग दुसरा आणला. तीनदा असं केलं आणि माझी आई आळीत उभी राहिली. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, या गो, किती दिवसांनी. आई त्या बाजूला चालायला लागली. मी मात्र दारात भोकाड पसरायचा तेवढा बाकी होतो.

भावोजी आत गेले आणि वाणाचं ताट घेऊन बाहेर आले. आदल्या दिवसापासून तसंच झाकून ठेवलेलं होतं. ते त्यांनी टाकीवालीच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, हे या पायऱ्या घडवणाऱ्याचं वाण आहे, तुम्ही त्याच्या वतीनं घ्या. जावयाचं वाण असं दुसऱ्याला दिलेलं कुणी ऐकलं नसेल. ताईनं आईकडे बघितलं. आई समोरच्या ओट्यावरून म्हणाली, दे, बरोबर हाय. मग भावोजींनी टाकीवालीला तिचं नाव विचारलं, आणि अगदी भीत भीत म्हणाले, की पायरीच्या बगलेला कुठंतरी तुमचं नाव टाका. त्याचं राहिलं, निदान तुमचं राहू दे.

टाकीवाली अनारसे पदरात बांधत होती. ती हसली. "दादा, आमच्यात दगडावर नाव नाय टाकत," ती म्हणाली. "लोकांनी पाय द्यावा म्हणून करायचा त्यो. नावावर पाय कसा देतील?"

भावोजींनी तिला वाकून नमस्कार केला. ती लाजून चूर झाली आणि पिशवी उचलून चालायला लागली.

याला आता पाऊसकाळ लोटला. भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण पहिल्यासारखं बारीक दिसत नाही म्हणतात. आमच्याकडे आले, की पायरीवर बसतात आणि नुसता डावा तळवा फिरवतात. बाटली पिशवीत असते, काढतात क्वचित. ताई म्हणते, म्हातारे झाले. संध्याकाळी भावोजींचा फोन येतो तो आईची तब्येत विचारायला नव्हे, आज किती वेळा उतरल्या एवढंच विचारायला.

आणि मला काय झालंय कोण जाणे. पूर्वी दुकानात जाताना मी धाडधाड उतरायचो. आता दारात आलो, की पाऊल जड होतं. त्या घावांवर चप्पल ठेवायला मन घेत नाही. परवा मी चप्पल हातात घेऊन, एका कडेनं, चवड्यांवर उतरत होतो. आई समोरच्या ओट्यावरून बघत होती.

"दादू," ती म्हणाली, "पाय दे नीट. त्यासाठीच केलीय ती."